दहा आकडे भरले म्हणजे नंबर बरोबर असं नाही: फोन नंबर साफ करण्याच्या पायऱ्या

कृषी सेवा केंद्राचं उधारीचं सॉफ्टवेअर असो, रावेर-यावलकडच्या केळी गटाची शेतकरी यादी असो, धुळ्यातल्या दवाखान्याची अपॉइंटमेंट असो की जळगावातल्या क्लासचा प्रवेश फॉर्म, मोबाइल नंबराचा रकाना असतोच. नवा प्रोग्रामर तो रकाना चार ओळींत उरकतो. आकडे सोडून बाकी सगळं पुसायचं, शेवटचे दहा आकडे घ्यायचे, पहिला आकडा ६ ते ९ असला की हिरवी खूण. चाचणीत हे झकास चालतं.

फॉर्मने अडवलेल्या नंबराचा फारसा त्रास नसतो, माणूस पुन्हा टाकतो. खरा घोळ होतो तो चुकलेला नंबर साफ होता होता बरोबर दिसायला लागतो तेव्हा. मग चोपड्याच्या शेतकऱ्याच्या थकबाकीचा मेसेज भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतो आणि तुमच्या प्रोग्रामच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. खालच्या पायऱ्या मुख्यतः हा दुसरा प्रकार टाळण्यासाठी आहेत.

लेखात ९८७६५४३२१० हा उतरत्या आकड्यांचा नंबर फक्त नमुना म्हणून घेतला आहे. चाचणी करताना त्यावर किंवा कुठल्याही मनाने रचलेल्या नंबरावर खरा मेसेज सोडू नका, तो कुणाचा तरी असू शकतो.

हाताशी काय हवं

- गूगलची लिबफोननंबर ही मोफत लायब्ररी (प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड). जावा, सी प्लस प्लस आणि जावास्क्रिप्टसाठी ती थेट मिळते. पायथनसाठी तिचंच रूप फोननंबर्स या नावाने आहे.
- न दिसणारी अक्षरं आणि त्यांचे यूनिकोड क्रमांक दाखवणारा एडिटर.
- ग्राहकाच्या जुन्या यादीतले पाचशेएक खरे नंबर, त्याच्या परवानगीने आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर. मनाने रचलेल्या नमुन्यात खऱ्या चुका सापडत नाहीत.
- तुमच्या भागातल्या एसटीडी कोडांची यादी.
- ग्राहकाकडून तीन उत्तरं, तीही लेखी: नंबर कशासाठी हवा (मेसेज, कॉल की लॉगिन), लँडलाइन चालेल का, परदेशातला नंबर चालेल का.

शेवटचा मुद्दा सगळे टाळतात आणि नंतर पस्तावतात. नंबर फक्त मेसेजसाठी असेल तर लेखातला लँडलाइनचा बराचसा भाग तुम्हाला सोडून देता येईल.

१. आलं तसं आधी जपून ठेवा

डेटाबेसमध्ये एका नंबरासाठी तीन रकाने करा: माणसाने टाकलेला मूळ मजकूर, साफ केलेला नंबर आणि त्याची स्थिती. मूळ मजकुराला कधीही हात लावायचा नाही. साफ करायचा नियम उद्या चुकीचा निघाला, तर तो सुधारून मूळ मजकुरावर पुन्हा चालवता येतो. मूळच पुसून टाकलं असेल तर पाच हजार शेतकऱ्यांना फोन लावून नंबर विचारत बसा, आणि तोही कुठल्या नंबरावर लावणार?

रकान्याचा प्रकार मजकूर ठेवा, पूर्णांक नको. फोन नंबराची बेरीज कुणी करत नाही. पूर्णांकात पुढचा ० उडतो, अधिकचं चिन्ह उडतं. वर ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढीच संख्या मावते आणि आपला प्रत्येक मोबाइल नंबर त्याहून मोठा असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचा कडक मोड बंद असेल तर ते चूक दाखवून थांबत नाही, जास्तीत जास्त संख्या भरून मोकळं होतं. एखाद्या यादीत शेकडो ग्राहकांचा नंबर २१४७४८३६४७ दिसला तर कारण शोधायला लांब जायला नको.

साफ नंबरासाठी १६ अक्षरं पुरतात, कारण ई.१६४ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे देशाचा कोड धरून जास्तीत जास्त १५ आकडे असतात आणि पुढे एक अधिकचं चिन्ह. मूळ मजकुराला मात्र १०० अक्षरं तरी द्या. लोक त्या रकान्यात काय काय लिहितात ते तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत येतंच आहे.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवून टाका: नंबर हा माणसाची ओळख धरू नका, त्यावर 'दुसऱ्यांदा चालणार नाही' असा नियम घालू नका. गावाकडे एकाच नंबरावर बाप, दोन मुलं आणि कधी शेजारचा म्हातारा अशी चार खाती असतात. तुमचा प्रोग्राम दुसऱ्या खात्याला अडवू लागला की दुकानातला मुलगा शेवटचा आकडा बदलून पुढे जातो. म्हणजे चुकीचे नंबर तुम्हीच जन्माला घालता.

२. फॉर्मचा रकाना

वेब फॉर्ममध्ये रकान्याचा प्रकार 'टेल' ठेवा, 'नंबर' नाही. 'नंबर' प्रकारात वर-खालीचं बटण दाबलं, किंवा काही ब्राउझरमध्ये माउसचं चाक फिरलं, तरी आकडा एकाने बदलतो आणि भरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोकळी जागा आणि कंस तो घेत नाही, 'ई' हे इंग्रजी अक्षर मात्र घेतो.

जास्तीत जास्त १० अक्षरं अशी मर्यादा घालू नका. हा सापळा अगदी साळसूद दिसतो. समजा कुणी कॉन्टॅक्टमधून ९१९८७६५४३२१० असा बारा आकडी नंबर कॉपी करून चिकटवला. ब्राउझर पहिली दहा अक्षरं ठेवतो आणि बाकीची गुपचूप कापतो. उरतं ९१९८७६५४३२. दहा आकडे, पहिला ९, तुमच्या तपासणीत उत्तीर्ण, आणि नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी. मर्यादा ठेवायचीच असेल तर ३०-४० अक्षरांची ठेवा आणि लांबी नंतर प्रोग्राममध्ये तपासा.

ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. खरी तपासणी सर्व्हरवरच करायची.

३. न दिसणारी अक्षरं आणि मराठी आकडे

सगळ्यात जास्त डोकं इथे खाल्लं जातं, कारण स्क्रीनवर नंबर बरोबर दिसतो आणि प्रोग्राम चूक म्हणतो.

फोनच्या कॉन्टॅक्टमधून किंवा चॅटमधून कॉपी केलेल्या नंबराच्या दोन्ही टोकांना कधी कधी लिहिण्याची दिशा सांगणारी अदृश्य अक्षरं चिकटून येतात: पुढे यू+२०२ए, मागे यू+२०२सी. देशाच्या कोडासह नंबर १३ अक्षरांचा दिसतो आणि लांबी मोजली तर १५ भरते. वेब पानांवरून यू+००ए० ही न तुटणारी मोकळी जागा आणि यू+२००बी ही शून्य रुंदीची जागा येते, वर्डच्या फाइलमधून यू+२०११ आणि यू+२०१३ या आडव्या रेघा. ट्रिमवर, म्हणजे टोकांची मोकळी जागा काढणाऱ्या तयार सोयीवर, भरवसा ठेवू नका. पायथनचं स्ट्रिप यू+००ए० काढतं, पण यू+२००बी आणि यू+२०२ए यांना शिवतही नाही. जावाचं जुनं ट्रिम यू+००ए० सुद्धा सोडून देतं.

दुसरी गोष्ट मराठी कीबोर्डची. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर माणूस देवनागरी आकड्यांतच नंबर टाकतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. देवनागरी ० ते ९ हे यूनिकोडमध्ये यू+०९६६ ते यू+०९६एफ या जागांवर आहेत. पायथनच्या रेगेक्समधली (मजकुरात नमुना शोधायच्या भाषेतली) 'कोणताही अंक' ही खूण मजकुरातले देवनागरी अंकही पकडते, डॉटनेटमध्येही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अंक पकडते. त्यामुळे एकच नियम सर्व्हरवर एक सांगतो आणि ब्राउझरमध्ये दुसरं. त्याहून वाईट म्हणजे पायथनने देवनागरी नंबर 'वैध' म्हणून तसाच डेटाबेसमध्ये ठेवला, की त्याच माणसाचा इंग्रजी आकड्यांतला नंबर शोधला तर सापडत नाही.

म्हणून इतर कुठलीही तपासणी करण्याआधी सगळे अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या. दहा जोड्यांचा तक्ता पुरतो. यूनिकोडचं एनएफकेसी रूपांतर हे काम करेल अशी आशा धरू नका. ते रुंद अंक आणि घातांकासारखे वर लिहिलेले अंक सरळ करतं, देवनागरी अंकांना हात लावत नाही. पायथनमध्ये अक्षर अंक आहे का हे तपासायला इझडिजिटऐवजी इझडेसिमल वापरा. घातांकातल्या २ लाही इझडिजिट 'हो' म्हणतं आणि पुढे पूर्णांक करताना प्रोग्राम कोसळतो.

एक बारीक फसवा प्रकार: देवनागरी शून्य '०' आणि संक्षेपाचं चिन्ह '॰' डोळ्यांना जवळपास सारखेच. दुसरं अंक नाही, यू+०९७० आहे. ते पुसलं गेलं की नंबर नऊ आकडी होतो आणि भरणारा शपथेवर सांगतो की मी दहाच टाकले. इंग्रजी 'ओ' आणि 'एल' यांचंही तसंच, ० आणि १ च्या जागी येतात. हे आपणहून बदलून गप्प बसू नका. बदललेला नंबर दाखवून "असाच आहे का?" एवढं विचारा.

आता या पायरीचा मुख्य नियम. 'आकडे नसलेलं सगळं पुसा' असं लिहू नका, 'माहीत असलेली चिन्हंच पुसा' असं लिहा. मोकळी जागा, सगळ्या प्रकारच्या आडव्या रेघा, कंस, टिंब आणि वर सांगितलेली अदृश्य अक्षरं एवढी यादी करा. पहिलं अधिकचं चिन्ह राखून ठेवा. याशिवाय काहीही सापडलं तर थांबा आणि नंबराला 'संशयास्पद' ही खूण लावा. सगळं पुसणारा प्रोग्राम 'वहिनीचा', 'रात्री ८ नंतर', 'जुना बंद' हेही पुसतो, आणि त्यातला ८ नंबरात मिसळतो.

४. एका रकान्यात दोन-दोन नंबर

पुसण्याआधी तोडा. तिरपी रेघ, स्वल्पविराम, अर्धविराम, 'किंवा', 'व', नवी ओळ यांपैकी काही असेल तर तिथे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पुढे पाठवा. आधी पुसलं तर वीस आकड्यांची एक माळ होते, आणि शेवटचे दहा घेणाऱ्या प्रोग्रामला पहिला नंबर कधी दिसतच नाही.

लेटरपॅडवर आणि दुकानाच्या पाटीवर ९८७६५४३२१०/११ असंही लिहितात. त्याचा अर्थ शेवटचे दोन आकडे बदलून दुसरा नंबर. तोडल्यावर चार किंवा त्याहून कमी आकड्यांचा तुकडा उरला तर तो हाच प्रकार किंवा एक्स्टेंशन. हे माणसाने पाहूनच ठरवावं, पहिला नंबर मात्र बिनधास्त घ्या.

५. पुढचा ०, ९१ आणि ००९१

२०२१ च्या १५ जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना पुढे ० लावावा लागतो. त्याआधी सर्कलबाहेरच्या, म्हणजे आपल्या टेलिफोन विभागाबाहेरच्या, मोबाइलला ० लावायची सवय होतीच. त्यामुळे लोक नंबर लिहितानाही तो ० लिहितात. तो नंबराचा भाग नाही, पण चूकही नाही.

अंक साफ झाल्यावर लांबी आणि सुरुवात दोन्ही एकत्र बघून ठरवा:

- १० आकडे: काहीही काढू नका.
- ११ आकडे, सुरुवात ०: एक ० काढा.
- १२ आकडे, सुरुवात ९१: ९१ काढा.
- १३ आकडे, सुरुवात ०९१ किंवा ९१०: तिन्ही काढा. कोडानंतर कंसात ० लिहायची पद्धत असते, दुसरा प्रकार तिथून येतो.
- १४ आकडे, सुरुवात ००९१: चारही काढा.
- ६ किंवा ७ आकडे: एसटीडी कोड नसलेली लँडलाइन असू शकते, पुढची पायरी बघा.
- बाकी सगळं: अवैध किंवा संशयास्पद. जास्तीचा आकडा कापून दहा करू नका, कारण कुठला आकडा जास्तीचा ते तुम्हाला माहीत नाही.

दहा आकडी नंबरातून ९१ काढू नका, हे वेगळं सांगावं लागतं. ९१ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबर भरपूर आहेत. पायथनमध्ये एलस्ट्रिपला '९१' दिलं तर ते '९१' हा शब्द काढत नाही, डावीकडचे ९ आणि १ हे अंक सापडतील तेवढे सगळे काढत सुटतं. ९१९१९८७६५४३२ दिलं तर ९१९८७६५४३२ मिळायला हवं. एलस्ट्रिपमधून मिळतं ८७६५४३२, सात आकडे. जळगावची एसटीडी कोड नसलेली लँडलाइनही सात आकडीच असते, तेव्हा पुढच्या पायरीत हा मोबाइल तिच्या रांगेत जाऊन बसला तरी नवल नाही.

अधिकचं चिन्ह राखून ठेवा म्हटलं ते परदेशी नंबरांसाठी. पुढे अधिक आहे आणि त्यानंतर ९१ नाही, म्हणजे नंबर बाहेरचा. दुबईत कामाला गेलेल्या मुलाचा नंबर अधिक ९७१ ने सुरू होतो. अमेरिकेचा नंबर अधिक १ आणि पुढे दहा आकडे असा असतो. त्यातले शेवटचे दहा घेतले तर ते अनेकदा आपल्याकडच्या मोबाइलसारखेच दिसतात. असे नंबर वरच्या यादीत न घालता थेट लायब्ररीकडे पाठवा.

बारा आकडी असून ९१ ने सुरू न होणारा नंबर आधार क्रमांक तर नाही ना, हेही बघा. शेजारी-शेजारी रकाने असले की लोक अदलाबदल करतात. आधारचा शेवटचा अंक व्हर्होफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो, त्यामुळे ते ओळखता येतं. फोन नंबरात असा तपासणी अंक नसतो, म्हणून एक आकडा चुकला तर तो गणिताने पकडता येत नाही. सहा आकडी नोंद असेल तर पिनकोडची शंका घ्या. ४२५००१ ही धुळ्याची लँडलाइन नसून जळगावचा पिनकोड आहे.

६. मोबाइल की लँडलाइन

मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो आणि दहा आकडी असतो. लँडलाइनही पुढचा ० सोडला तर एसटीडी कोड धरून दहाच आकडी. कोड लहान असेल तर नंबर मोठा, कोड मोठा असेल तर नंबर लहान. जळगावचा कोड ०२५७, म्हणून नंबर सात आकडी. धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४, भुसावळचा ०२५८२, अमळनेरचा ०२५८७, चाळीसगावचा ०२५८९, शिरपूरचा ०२५६३, म्हणून तिथे नंबर सहा आकडी. 'लँडलाइन म्हणजे सात आकडे' हा जळगावात बसून लिहिलेला नियम धुळ्यात गेल्यावर सगळ्यांना अवैध ठरवतो.

एसटीडी कोड नसलेल्या नंबराला तालुक्यावरून कोड जोडायचा मोह होतो. पत्ता त्याच फॉर्ममध्ये असेल तर सुचवा, पण आपणहून जोडू नका. पत्ता अमळनेरचा आणि फोन जळगावच्या ऑफिसचा, असं सर्रास असतं.

खरी गुंतागुंत सीमेवर आहे. आपल्या ०२५ ने सुरू होणाऱ्या कोडांवरून सवय होते की २ ने सुरू झाला तो लँडलाइन, ६ च्या पुढचा मोबाइल. पण रावेरच्या व्यापाऱ्याचा अर्धा धंदा बऱ्हाणपुराशी असतो आणि बऱ्हाणपूरचा कोड ०७३२५. अकोला ०७२४, नागपूर ०७१२, इंदूर ०७३१. पुढचा ० काढला की हे सगळे ७ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर, म्हणजे दिसायला मोबाइलच. त्यावर मेसेज जात नाही आणि तुमच्या यादीत 'वैध मोबाइल' अशी नोंद राहते.

सुटका दोन ठिकाणी आहे. मूळ मजकुरात ०७३२५-२... असं लिहिलेलं असतं. कोडानंतरची रेघ सांगून जाते की ही लँडलाइन. मोबाइल नंबर लोक पाच-पाच आकड्यांत तोडतात किंवा सलग लिहितात. म्हणून रेघा पुसण्याआधी त्यांची जागा टिपून ठेवा. दुसरं, लिबफोननंबरकडे देशातल्या नंबर मालिकांची माहिती असते, नंबराचा प्रकार तिला विचारता येतो. रेघ एक सांगते आणि लायब्ररी दुसरं, असं झालं तर नोंद संशयास्पद.

१८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर ग्राहकाच्या रकान्यात आले तर घेऊ नका, तो कुण्या कंपनीचा मदत क्रमांक असतो. नंबराच्या पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी किंवा सर्कल ओळखायचं तंत्र जुन्या प्रोग्रामांत दिसतं, ते काढून टाका. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, २०१५ पासून सर्कलही.

७. लायब्ररीला काय विचारायचं

आतापर्यंतची साफसफाई तुमची, निवाडा लायब्ररीचा. पार्स करताना, म्हणजे लायब्ररीला नंबर वाचायला देताना, नंबराबरोबर मूळ देश म्हणून भारताचा दोन अक्षरी कोड 'आयएन' द्या. तो नाही दिला तर अधिकचं चिन्ह नसलेला प्रत्येक नंबर पार्सलाच अडकतो. पार्स फसलं तर लायब्ररी चूक फेकते. ती पकडा, नाहीतर एका वाकड्या नंबरापायी सगळी आयात थांबते.

त्यानंतर दोन प्रश्न, आणि ते वेगळे आहेत. 'शक्य आहे का' हा फक्त लांबी बघतो. 'वैध आहे का' हा मालिकाही बघतो. पहिला नापास म्हणजे नंबर परत करा. पहिला पास आणि दुसरा नापास म्हणजे संशयास्पद. नवीन मालिका सुरू होतात आणि तुमच्या लायब्ररीची आवृत्ती दोन वर्षं जुनी असेल तर चांगला नंबरही तिला माहीत नसतो. दर तीन-चार महिन्यांनी आवृत्ती बदला.

साठवताना ई.१६४ रूप घ्या: +९१९८७६५४३२१०, इंग्रजी अंकांत, मोकळी जागा नाही. स्क्रीनवर दाखवताना ९८७६५ ४३२१० असं तोडून दाखवा. पाच-पाच आकडे डोळ्यांना पटकन ताडून पाहता येतात.

८. निकाल तीन, दोन नाही

वैध, संशयास्पद, अवैध. संशयास्पदबरोबर कारण लिहून ठेवा: 'दोन नंबर', 'अनोळखी अक्षर', 'लँडलाइन असावी', 'एकच आकडा दहादा'. ९९९९९९९९९९ सारखे नंबर नियमात बसतात, पण बहुतेक वेळा रकाना भरायचा म्हणून भरलेले असतात. अडवू नका, खूण करा. उतरत्या क्रमाचा आपला नमुना नंबरही त्याच यादीत टाका.

माणसाला दिसणारा संदेश 'चुकीचे इनपुट' असा नको. "९ आकडे आले, १० हवेत" किंवा "धुळ्याचा लँडलाइन असेल तर पुढे ०२५६२ लावा" असा हवा. त्याने टाकलेलं रकान्यात तसंच राहू द्या. चूक दाखवताना रकाना कोरा करणाऱ्या फॉर्मला लोक तिसऱ्या वेळी काहीही भरून सोडतात.

९. जुनी एक्सेल यादी

बरेच खराब नंबर माणसाने टाकलेले नसतात, एक्सेलने बिघडवलेले असतात.

साध्या सेलमध्ये १२ आकडी संख्या एक्सेल ९.१९८७७ई+११ अशी दाखवतं. ती फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि मागचे आकडे कायमचे जातात. पुन्हा उघडून सेल संख्येच्या रूपात आणला तर ९१९८७७०००००० मिळतं. त्यातला ९१ काढला की ९८७७००००००, नियमात चपखल. शेवटी सहा शून्यं असलेले नंबर एकाच यादीत तीन-चार दिसले तर ती फाइल परत करा आणि मूळ एक्सेल मागा. दुरुस्तीचा दुसरा मार्ग नाही.

पायथनच्या पांडाज या लायब्ररीने यादी वाचताना त्या रकान्याला मजकूर प्रकार द्या. नाही दिला आणि रकान्यात एखादी जागा कोरी असली तर पूर्ण रकाना दशांश होतो. नंबर होतो ९८७६५४३२१०.०. टिंब पुसलं की ११ आकडे, आणि 'शेवटचे दहा' घेतले की ८७६५४३२१००. ८ ने सुरू होतो, दहा आकडी आहे, वैध आहे, आणि साफ चुकीचा आहे. शेवटी '.०' आहे का हे टिंब पुसण्याआधी बघा.

१०. तोंडी सांगितलेला नंबर

काउंटरवर शेतकरी म्हणतो, "मना नंबर लिखी ल्या भाऊ," आणि जोड्यांनी सांगायला लागतो. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. इंग्रजी शाळेत शिकलेला ऑपरेटर यात ६९, ७९, ८९ ची गफलत हमखास करतो. मुक्ताईनगर-रावेरकडे हिंदीची भर पडते: उनहत्तर म्हणजे ६९, पण 'हत्तर' ऐकून हात सत्तरच्या घरात जातो. उन्यासी ७९ आणि नवासी ८९. शिवाय 'डबल सात', 'ट्रिपल शून्य'.

यावर प्रोग्राम एवढंच करू शकतो: नंबर भरल्यावर तो मोठ्या अक्षरांत पाच-पाच करून दाखवा आणि खाली 'एक-एक आकडा वाचून दाखवा' अशी ओळ ठेवा. जोडीने ऐकलेला नंबर सुटा वाचून दाखवला की चूक समोरचाच पकडतो. दोनदा टाइप करायला लावणं निरुपयोगी आहे, ऑपरेटर कॉपी करून चिकटवतो.

११. ओटीपी कधी

इथवरच्या पायऱ्यांवरून नंबर नियमात बसतो एवढंच कळतं. तो चालू आहे आणि याच माणसाकडे आहे हे ओटीपीने किंवा मिस्ड कॉलनेच कळतं. नंबर लॉगिनसाठी किंवा पैशाच्या मेसेजसाठी असेल तर ओटीपी घ्याच. नुसती शेतकरी मेळाव्याची आमंत्रण यादी असेल तर गरज नाही.

भारतात प्रोग्राममधून एसएमएस पाठवायला ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेवर संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मेसेज वाटेतच अडतो. हे काम प्रोग्राम पुरा झाल्यावर नाही, पहिल्या आठवड्यात सुरू करा.

लॉगमध्ये (प्रोग्राम स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो त्या फाइलमध्ये) पूर्ण नंबर लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरतात. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो, म्हणून ओटीपीची तारीख साठवा आणि वर्षभर संपर्क नसलेल्या खात्याला पुन्हा विचारा.

१२. चाचणीची यादी

खालच्या नोंदी प्रोग्रामबरोबर कायम ठेवा आणि नियम बदलला की प्रत्येक वेळी चालवा. पहिल्या सहा नोंदींतून एकच नंबर निघायला हवा, +९१९८७६५४३२१०:

- ९८७६५ ४३२१० (देवनागरी अंकांत)
- तोच इंग्रजी अंकांत, दोन्ही टोकांना अदृश्य अक्षरं
- ०९८७६५-४३२१०
- +९१ (०) ९८७६५४३२१०
- ००९१९८७६५४३२१०
- ९८७६५४३२१०.०

आणि या नोंदींतून आपोआप 'वैध मोबाइल' निघता कामा नये:

- ९८७६५४३२१ (नऊ आकडे)
- ९८७६५४३२१०५ (अकरा, सुरुवात ० नाही)
- ९.१९८७७ई+११
- ४२५००१
- ०७३२५ नंतर रेघ आणि सहा आकडे
- दहा आकड्यांनंतर 'रात्री ८ नंतर'
- नुसती मोकळी जागा

९१९८७६५४३२ ही नोंद मुद्दाम वेगळी ठेवली आहे. ती वैध मोबाइल असू शकते किंवा दहावर कापला गेलेला बारा आकडी नंबर. प्रोग्रामने ती घ्यावी. पण जुन्या फॉर्मवर दहा अक्षरांची मर्यादा होती असं कळलं, तर त्या काळातल्या ९१ ने सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढून ग्राहकाच्या हाती द्या आणि फोन करून विचारायला सांगा.